हार्मोनच्या गोळ्या आणि रक्ताच्या गुठळ्या : मदत हवी आहे

रातराणी५२ : पाळी जाऊन दीड वर्ष झाले. रात्री दोनदा गाऊन बदलावा लागे इतका घाम येई, म्हणून तीन महिन्यांपूर्वी हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि घाम थांबला. काल पाकिटातल्या चिठ्ठीवर रक्ताच्या गुठळ्यांचा इशारा वाचला. डॉक्टर परगावी आहेत. गोळ्या बंद कराव्यात का? कृपया थेट उत्तर द्यावे.

ओसरी : थेट उत्तर देण्याइतके आपण सांगितलेलेच नाही. गोळीत कोणती हार्मोन्स आहेत, वजन किती, घरात कुणाला गुठळी झाली होती का?

जुनी_वही : २००२ साली अमेरिकेतला या गोळ्यांवरचा मोठा अभ्यास याच कारणांमुळे मध्येच थांबवावा लागला. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला गुठळ्या १६ ऐवजी ३४ झाल्या. मी शतावरी घेऊन निभावले, आपणही तेच करावे.

ओसरी : आकडे बरोबर आहेत, कारण अर्धवट आहे. तो अभ्यास थांबवण्यामागे स्तनांच्या कर्करोगाचा वाढलेला धोका हे प्रमुख कारण होते, आणि त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. शिवाय गिळलेले इस्ट्रोजेन हे हार्मोन आधी यकृतातून जाते व तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात, तर त्वचेवर लावायच्या जेलचा किंवा पट्टीचा तो मार्ग टळतो. २०१९ सालच्या ब्रिटनमधील अभ्यासात गोळ्यांमुळे धोका वाढलेला दिसला, पट्टी आणि जेलमुळे नाही.

जुनी_वही : म्हणजे धोका आहेच, हे आपणच मान्य केलेत.

तुळशीकट्टा : गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही अशाच असतात का? माझ्या सुनेने गेल्या वर्षी घेतल्या होत्या.

ओसरी : ताई, तो विषय वेगळा आहे, त्यासाठी नवा धागा काढावा.

रातराणी५२ : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही आहेत, वजन ७८ किलो. आईला माझ्या वेळच्या बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती, पण त्याला बावन्न वर्षे झाली, म्हणून लिहिले नाही. चार दिवसांपासून डाव्या पोटरीवर मोज्याचा वळ खोल उमटतो, उजवीवर नाही. बसच्या प्रवासाने पाय सुजला असावा.

तुळशीकट्टा : कोमट तिळाचे तेल लावून पोटरी खालून वर चोळावी, रात्रीत उतार पडतो.

ओसरी : कृपया अजिबात चोळू नये, गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रातराणीताई, गोळीचा प्रश्न आता दुसरा झाला. एकाच पायाची सूज, आईचा इतिहास आणि गोळ्यांचे पहिलेच वर्ष, ज्यात धोका सर्वाधिक असतो, हे एकत्र आल्यावर आजच रुग्णालयात जाऊन पायाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, करून घ्यावी. पुढची गोळी तेथील डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णवाहिका बोलवावी.

जुनी_वही : याबाबत ओसरी यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. शतावरीचे नंतर पाहू.

रातराणी५२ : दम लागत नाही. मुलगा गाडी काढतो आहे, पाकीट आणि चिठ्ठी पर्समध्ये घेतली आहे.