पेडलांच्या क्रमात ‘पुढे’ म्हणजे नेमके कोणीकडे?

नांदेडहून प्रश्न

गिटारच्या इफेक्ट पेडलांचा, म्हणजे आवाज बदलणाऱ्या व पायाने दाबायच्या छोट्या पेट्यांचा, क्रम कसा ठरवावा, यावर मी मराठीत एक टिपण लिहीत आहे. त्यात ‘डिले हा डिस्टॉर्शनच्या पुढे लावावा’ असे वाक्य होते (डिले आवाजाचा प्रतिध्वनी काढतो, डिस्टॉर्शन आवाज फाटका, खरखरीत करते). ते वाचून एकाने डिले गिटारच्या बाजूला जोडला आणि दुसऱ्याने आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पच्या बाजूला. या ठिकाणी कोणता शब्द वापरला असता दुसरा अर्थ निघणार नाही?

परभणीहून

दोघांनीही मराठी बरोबरच वाचली आहे. गोदावरीविषयी बोलताना ‘पैठणच्या पुढे नांदेड’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाणी ज्या दिशेने जाते ती बाजू म्हणजे पुढची बाजू. रेशनच्या रांगेत मात्र ‘माझ्या पुढे चौघे आहेत’ असे म्हटले, की ते चौघे खिडकीच्या जवळ असतात आणि त्यांना धान्य आधी मिळते. सिग्नल वाहतो असे ज्याच्या मनात असेल त्याचे ‘पुढे’ अ‍ॅम्पकडे जाते. पेडले गिटारपासून रांगेत उभी आहेत असे जो मानतो, त्याचे ‘पुढे’ गिटारकडे येते.

या घोळाचा परिणाम थेट कानाला जाणवतो. डिस्टॉर्शन ध्वनिलहरींचे माथे छाटते, आणि छाटण्याच्या या क्रियेत मुळात नसलेल्या कंप्रता तयार होतात. डिले त्याच्या आधी असेल, तर मागच्या सुराचा प्रतिध्वनी व नुकताच छेडलेला सूर एकत्रच छाटले जातात, त्यांच्या मिश्रणातून आणखी कंप्रता निघतात आणि जलद वाजवलेले स्वरसमूह एकमेकांत कालवल्यासारखे ऐकू येतात. शिवाय मोठा आवाज दाबला गेल्यामुळे विरत जाणारे प्रतिध्वनी लवकर विरतही नाहीत. डिले नंतर असेल, तर डिस्टॉर्शनमधून तयार होऊन आलेल्या आवाजाच्याच प्रती निघतात आणि त्या सुट्या ऐकू येतात. शूगेझ या धूसर आवाजाच्या रॉक शैलीचे वादक रिव्हर्बनंतर (सभागृहासारखा घुमारा देणारे पेडल) फझ (अधिक जोरकस डिस्टॉर्शन) मुद्दाम लावतात, कारण त्यांना तो कालवलेला आवाजच हवा असतो; म्हणून टिपणात ‘चूक’ हा शब्द जपून वापरावा. डिले आणि रिव्हर्ब या दोहोंची अदलाबदल केली तर मात्र फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही पेडले लहरीचे माथे छाटत नाहीत.

अंबाजोगाईहून

माझ्या मते ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ हे शब्द अधिक नेमके आहेत. संभाजीनगरहून निघालेला माणूस ‘जालन्याच्या अलीकडे बदनापूर’ म्हणतो आणि परभणीहून येणारा त्याच बदनापूरला जालन्याच्या पलीकडे ठेवतो, म्हणजे बोलणारा कोठे उभा आहे यावर अर्थ ठरतो. पेडलांच्या बाबतीत ही जागा ठरलेलीच असते, कारण गिटार वादकाच्या गळ्यात असते. तेव्हा ‘डिस्टॉर्शनच्या पलीकडे डिले’ असे लिहिले की तो अ‍ॅम्पच्या बाजूला, हे उघड होते.

छत्रपती संभाजीनगरहून

सुचवलेला शब्द सुरेख आहे, परंतु मी मिक्सरवर बसतो आणि माझे ‘अलीकडे’ अ‍ॅम्पच्या बाजूला असते. वादक व साउंडवाला यांनी तयारीच्या गडबडीत हाच शब्द वापरला, तर पुन्हा तोच घोळ होईल.

‘मागे’ हा शब्द तर याहून फसवा आहे. ‘डिले अ‍ॅम्पच्या मागे लावा’ असे आम्ही सर्रास म्हणतो, कारण इफेक्ट्स लूपची (आतल्या दोन टप्प्यांच्या मध्ये पेडल जोडण्याच्या सोयीची) सेंड आणि रिटर्न ही छिद्रे बहुधा अ‍ॅम्पच्या पाठीवर असतात. तेथे जोडलेला डिले डिस्टॉर्शन घडवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पनंतर आणि आवाज मोठा करणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पच्या आधी येतो. अ‍ॅम्पचेच डिस्टॉर्शन वापरणाऱ्याला ही सोय फार उपयोगी पडते. मात्र हे ‘मागे’ पेटीची बाजू सांगते, क्रम सांगत नाही. ‘डावीकडे-उजवीकडे’ही टाळावे, कारण बहुतेक पेडलांचे इनपुट उजव्या अंगाला असल्याने सिग्नल उजवीकडून डावीकडे जातो, आणि आपला वाचक आकृतीसुद्धा डावीकडूनच वाचू लागतो.

माझे मत ‘आधी’ आणि ‘नंतर’ या जोडीच्या बाजूने आहे. सिग्नल कोणत्या पेडलात आधी शिरतो, एवढेच ती सांगते. बोलणारा कोठे उभा आहे हे विचारावे लागत नाही. फक्त ‘आधी लावा’ असे मोघम लिहू नये, कारण त्याचा अर्थ ‘वायर आधी जोडा’ किंवा ‘पायाने आधी दाबा’ असाही होतो.

नांदेडहून

आभारी आहे. मग वाक्य असे करतो : ‘सिग्नल आधी डिस्टॉर्शनमध्ये आणि त्यानंतर डिलेमध्ये जावा.’ ‘पहिले पेडल’ हा प्रयोगही याच नियमाने चालेल काय?

परभणीहून

चालेल, पण एकदा ‘गिटारपासून पहिले’ असे लिहून टाकावे. फझविषयी लिहिताना हे विशेष सांभाळा. 1966 साली आलेल्या फझ फेससारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझला गिटारचे पिकअप (तारांचे कंपन विद्युत सिग्नलमध्ये बदलणारे भाग) थेट जोडलेले हवे असतात. मध्ये बफर (सिग्नल जोमाने पुढे पाठवणारे सर्किट) असलेला, सूर जुळवण्याचा ट्यूनर आला, तर आवाज कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून मिळणारा स्वच्छ स्वरही नीट मिळत नाही. त्या परिच्छेदात ‘गिटारपासून पहिले फझ, त्यानंतर ट्यूनर’ असे सरळ लिहावे.