मदत हवी आहे: रुब्रीनच्या स्फटिकातील विद्युतभाराचे वहन

नमस्कार. सेंद्रिय (कार्बनी रेणूंच्या) अर्धवाहकांच्या अव्यवस्थित थरांत विद्युतभार एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या घेत जातो आणि उष्णतेने त्या उड्यांना बळ मिळत असल्यामुळे तापमानाबरोबर त्याची गतिशीलताही (विद्युतक्षेत्रात भार किती सहज सरकतो याचे माप) वाढते, इथपर्यंत समजते. रुब्रीन या सेंद्रिय अर्धवाहकाच्या शुद्ध एकस्फटिकात मात्र उलट घडते: खोलीच्या तापमानाला १० ते २० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद असलेली होलची (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेची, जी धनभारासारखी वागते) गतिशीलता स्फटिक थंड केल्यास, काही मर्यादेपर्यंत, आणखी वाढते. तरीही दोन टकरींमधले सरासरी अंतर जेमतेम शेजारच्या रेणूपर्यंतच्या अंतराइतकेच निघते, त्यामुळे भार लहरीसारखा स्फटिकभर पसरलेला मानणारा पट्टा सिद्धान्तही सरळ लावता येत नाही. रेणूंच्या थरथरण्यामुळे भार क्षणभर मोजक्या रेणूंपुरता अडकतो, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. पण मग हॉल परिणाम (चुंबकीय क्षेत्रात वाहता भार वळून आडवा व्होल्टेज निर्माण होणे), जो सहसा मोकळेपणाने फिरणाऱ्या भाराचे लक्षण मानतात, तो या स्फटिकात इतका स्पष्ट कसा मिळतो? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे, गणितासह सांगितल्यास अधिकच बरे.