मुका मार लागून पाणथरी (प्लीहा) फाटली आहे. शस्त्रक्रिया न करता थांबणे योग्य आहे का?

प्रश्न (केज तालुका, जिल्हा बीड)

माझा मावसभाऊ, वय २६, ऊसतोडीच्या टोळीत काम करतो. परवा संध्याकाळी त्याची मोटारसायकल उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली आणि हँडल डाव्या बरगड्यांखाली बसले. बाहेरून साधे खरचटलेही नव्हते, परंतु तासाभरात पोट आणि डावा खांदा दुखू लागला, म्हणून १०८ बोलावून त्याला मोठ्या रुग्णालयात आणले. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले आणि सीटी स्कॅनमध्ये पाणथरीला ग्रेड ३ ची इजा असल्याचे कळले. आतील इतर अवयव सुरक्षित आहेत. सध्या तो अतिदक्षता विभागात आहे. आज सकाळी नाडी ८८ आणि रक्तदाब ११८/७४ होता. हिमोग्लोबिन दाखल होताना १२.४ होते, काल १०.२ आणि आज १०.१ आहे. रक्त अद्याप चढवलेले नाही.

डॉक्टर म्हणतात की शस्त्रक्रिया लागेलच असे नाही, लक्ष ठेवू. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र हे पटत नाही. आत अवयव फाटला आहे, रक्त साचले आहे आणि तरीही पोट उघडत नाहीत, याचा अर्थ टाळाटाळ चालली आहे, असे त्यांचे म्हणणे असून त्याला दुसरीकडे हलवून पाणथरी काढून टाकावी असा आग्रह सुरू आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (शल्यचिकित्सक, लातूर)

रुग्ण मी तपासलेला नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच राहील. तथापि आपण दिलेल्या माहितीवरून त्यांचा मार्ग मला योग्य वाटतो आणि मीही बहुधा हेच केले असते.

पोटाला मुका मार लागल्यावर ज्या अवयवांना सर्वाधिक इजा होते त्यांत पाणथरी अग्रस्थानी आहे. नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असलेला हा अवयव मऊ आणि रक्ताने भरलेला असतो. फाटला तर वेगाने रक्त जाऊ शकते, म्हणूनच पूर्वी तो काढून टाकणे हाच एकमेव उपाय समजला जाई. मात्र पाणथरीच्या पुष्कळ जखमांतील रक्तस्राव गुठळी होऊन आपोआप थांबतो. हे लहान मुलांत प्रथम ठळकपणे पुढे आले, आणि त्यात भारतीय बालशल्यचिकित्सक उपाध्याय यांचा वाटा मोठा आहे. सिम्पसन यांच्यासह टोरांटोच्या बालरुग्णालयातील त्यांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. आज रक्तदाब स्थिर असलेल्या प्रौढ रुग्णांतही शस्त्रक्रियेविना उपचार हीच प्रस्थापित पद्धत आहे आणि योग्य निवड केल्यास दहापैकी सुमारे नऊ जणांची पाणथरी वाचते.

नातेवाईकांचा घोळ बहुतेक वेळा ग्रेडच्या आकड्यावर होतो. ग्रेड १ म्हणजे वरवरची चीर, ग्रेड ५ म्हणजे चुराडा, आणि ग्रेड ३ मध्ये साधारणपणे तीन सेंटिमीटरपेक्षा खोल चीर किंवा मोठी गुठळी असते. २०१८ च्या सुधारित वर्गवारीत रक्तवाहिनीला फुगा आला आहे का आणि रक्त अजून बाहेर झिरपते आहे का, याही गोष्टी धरल्या जातात. परंतु शस्त्रक्रियेचा निर्णय प्रामुख्याने रुग्णाच्या नाडीवर आणि रक्तदाबावर ठरतो. सलाईन आणि रक्त देऊनही ज्याचा रक्तदाब टिकत नाही, त्याचे पोट ग्रेड कोणताही असो तातडीने उघडावे लागते. अशा रुग्णाला सीटीसाठी नेण्यात वेळ घालवू नये. खाटेजवळची सोनोग्राफी पुरते.

हिमोग्लोबिन १२.४ वरून १०.२ झाले याची भीती वाटणे साहजिक आहे. रक्त जाते तेव्हा पेशी आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात, त्यामुळे पहिल्या तपासणीत आकडा फसवा, जवळजवळ सामान्य येतो. पुढे सलाईनमुळे आणि शरीरातील पाणी रक्तात ओढले गेल्यामुळे तो खाली येतो. आपल्या रुग्णात तो काल खाली आला आणि आज तेथेच थांबला, नाडीही ८८ आहे, हे चांगले लक्षण आहे. आकडा पुन्हा घसरत राहिला असता किंवा नाडी १२० च्या घरात गेली असती, तर मी वेगळे लिहिले असते.

आता टाळाटाळीविषयी. लक्ष ठेवणे हा उपचार आहे आणि तो स्वस्त नाही. त्यासाठी अतिदक्षता विभागात सतत नोंद, पहिल्या काळात दर सहा तासांच्या आसपास रक्ततपासणी, जुळवून ठेवलेल्या रक्ताच्या पिशव्या, आणि मध्यरात्रीही भूलतज्ज्ञ व शल्यचिकित्सक हजर लागतात. यातील एकही गोष्ट नसेल तर माझे मत बदलते. ज्या तालुक्याच्या ठिकाणी रात्री रक्तपेढी नाही तेथे असा रुग्ण ठेवून घेण्यास माझा विरोध आहे. त्याला स्थिर असतानाच पुढे पाठवावे. आपला रुग्ण मात्र सर्व सोयी असलेल्या जागी आहे. तेथून त्याला रस्त्यावर काढणे म्हणजे गुठळी धरू लागलेली असताना, सर्वांत जपायच्या दिवसांत, त्याला देखरेखीबाहेर नेणे होय.

एक प्रश्न आपण अवश्य विचारा: ४८ ते ७२ तासांनी पुन्हा सीटी करणार आहात का? ग्रेड ३ आणि त्यापुढील इजेत रक्तवाहिनीचा फुगा उशिरा तयार होऊ शकतो. तो आढळल्यास जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी नेऊन आतून वाहिनी बंद करता येते. ही सोय आपल्याकडे मोठ्या शहरांपुरतीच आहे. त्यामुळे गरज भासल्यास कोठे पाठवणार, हे आधीच ठरलेले असणे बरे.

उत्तर २ (परिचारिका, अतिदक्षता विभाग)

डॉक्टरांनी सविस्तर लिहिले आहेच. नातेवाइकांसाठी एवढेच सांगते की रुग्णाजवळ बसणाऱ्याने मॉनिटरच्या आकड्यांपेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. तो एकाएकी अस्वस्थ झाला, सारखे पाणी मागू लागला, हातपाय गार पडून घाम फुटला, पोट ताणल्यासारखे दिसले किंवा डाव्या खांद्याची थांबलेली कळ परत आली, तर वाट न पाहता आम्हाला हाक मारावी. तरुण माणसाचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग झपाट्याने कोसळतो. बाहेरून आणलेली कोणतीही दुखण्याची गोळी देऊ नये, कारण काही वेदनाशामकांमुळे रक्त गोठण्यास अडथळा येतो. आणि भेटायला येणाऱ्यांनी त्याच्या पोटावरून हात फिरवून पाहण्याचा मोह आवरावा.

उत्तर ३ (भोकरदन, जिल्हा जालना)

काढून टाका म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी लिहितो. बैलाने ढुशी मारल्याने माझी पाणथरी फुटली होती. रक्तदाब लागतच नव्हता, त्यामुळे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नव्हते आणि तीमुळेच मी वाचलो. परंतु पाणथरी जंतूंशी लढण्यास मदत करते, म्हणून ती काढल्यावर आयुष्यभराची पथ्ये मागे लागतात, हे लोकांना ठाऊक नसते. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागल्या; काहींची मात्रा पुन्हा घ्यावी लागते आणि फ्लूची लस दरवर्षी. साधा ताप आला तरी घरी काढा पीत बसता येत नाही, लगेच प्रतिजैविक सुरू करून दवाखाना गाठावा लागतो. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीखेरीज त्या जखमेसाठी वेगळे प्रतिजैविक घ्यायचे असते. खिशात चिठ्ठी असते, तिच्यावर पाणथरी नसल्याची नोंद आहे. वाचणारा अवयव हौसेने काढून घेऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उत्तरे घरात वाचून दाखवली. हलवण्याचा विचार सध्या थांबला आहे. आता दुसरी अडचण अशी की मुकादमाकडून उचल घेतलेली आहे आणि हंगाम ऐन भरात आहे. पंधरा दिवसांत फडावर येईल का, अशी त्याच्याकडून विचारणा होत आहे. टोळी कर्नाटकच्या सीमेकडे जाणार आहे.

उत्तर ४ (शल्यचिकित्सक, लातूर)

पंधरा दिवसांत मुळीच नाही. घरी सोडल्यावर चालणे-फिरणे आणि हलकी कामे करता येतील. सक्तीने पडून राहण्याचा फायदा दिसून आलेला नाही. परंतु मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, वाकून कोयता चालवणे, ट्रॅक्टरवर धक्के खात प्रवास करणे, ही सर्व कामे ग्रेड ३ च्या इजेनंतर दोन ते तीन महिने टाळलेली बरी. मोटारसायकलही तोपर्यंत नको. क्वचित काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा रक्तस्राव होतो, आणि तो फडावरच्या कोपीत, दवाखान्यापासून दूर झाला तर वेळ हातात राहत नाही. या हंगामात तरी त्याला दूरच्या फडावर पाठवू नका.

सुट्टी देताना कार्डावर इजेचा ग्रेड, सीटीची तारीख आणि ‘अमुक तारखेपर्यंत जड काम करू नये’ असे स्पष्ट शब्दांत लिहून मागा. मुकादमाशी बोलताना तोंडी सांगण्यापेक्षा त्या कागदाचा उपयोग अधिक होईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे अद्याप दिली नसतील तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. रुग्णाला घरी सोडल्यानंतर ती प्रक्रिया अवघड होते.