मदत हवी आहे: ‘टेनेशियस’ की ‘ऑब्स्टिनेट’?

नमस्कार, सोलापुरातून लिहितेय. मुलगी नववीत आहे आणि तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर इंग्रजीत भाषण करायचंय. आपल्या गावात १९१० साली जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. सोबतचे परतले, ते तिथेच जखमींवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. लिहितानाही गलबलून येतं.

लेकीने त्यांना ‘टेनेशियस’ म्हटलंय. मैत्रीण म्हणते, ‘ऑब्स्टिनेट’ पण चालेल, अर्थ एकच. मला अजिबात पटत नाही. ऑब्स्टिनेट म्हणजे हटवादी, समजावलं तरी न ऐकणारा. टेनेशियसच्या मुळाशी ‘धरून ठेवणे’ हे लॅटिन क्रियापद आहे. आपली चिकाटीसुद्धा चिकटून राहण्यातूनच आली ना?

अडचण एवढीच, की टेनेशियस पकडीला आणि स्मरणशक्तीलाही लावतात. मग ‘ही वॉज अ टेनेशियस डॉक्टर’ कानाला नीट वाटतं, की ‘ही वर्क्ड विथ टेनॅसिटी’ जास्त सहज? इंग्रजी शिकवणाऱ्या कुणी कृपया सांगा. भाषण सोमवारी आहे.