सासूबाईंच्या स्तनातील गाठ: स्तन राखून शस्त्रक्रिया करावी का? (तासगाव, खर्च दोन लाखांपर्यंत)

द्राक्षवेल: सासूबाई ५२ वर्षांच्या आहेत. डाव्या स्तनात तीन सेंटिमीटरची गाठ असून बायोप्सीत कर्करोग निघाला आहे. मिरजेतील सर्जन म्हणतात, गाठ काढून उरलेल्या भागाला आकार देता येईल, किंवा पाठीचा स्नायू पुढे घेऊन ती जागा भरता येईल. ज्यांच्या घरी असे झाले आहे त्यांनी पुढे काय झाले ते सांगावे.

वाळवाकर: ताई, पूर्ण स्तन काढून टाका. माझ्या आईचा २०१६ साली काढला, आज ती शेतात जाते. उगीच धाकधूक कशाला?

विट्याची_परिचारिका: धाकधूक समजते, पण स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या आणि स्तन काढलेल्या बायकांचे आयुर्मान सारखेच राहते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या इटली व अमेरिकेतील २० वर्षांच्या पाठपुराव्यात दिसले. त्याच स्तनात गाठ पुन्हा होण्याची शक्यता मात्र थोडी अधिक असते. म्हणूनच रेडिएशन चुकवायचे नाही, आणि काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोग पोहोचलेला दिसला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, हे आधीच गृहीत धरा.

सांगलीची_सुधा: मी पाठीचा स्नायूच घेतला. पुण्यात साडेचार लाख लागले, पण ब्लाउज दोन्ही बाजूंनी सारखा बसतो. पाठीच्या जखमेतले पाणी काढणाऱ्या नळीच्या बाटलीत किती पाणी साचले ते रोज वहीत लिहून ठेवत होते आणि नळी काढल्यावरही दोनदा सुईने पाणी काढावे लागले. तरी तुम्ही हेच करा.

वाळवाकर: साडेचार लाख? त्यांनी दोन लाख सांगितले आहेत.

कवठेकर: वाद सोडा आणि परळला टाटामध्ये जा. माझ्या आत्याला तिथेच गुण आला.

विट्याची_परिचारिका: मुंबईत राहण्याचा खर्चही मोजा. रेडिएशन सुट्ट्या सोडून रोज, साधारण तीन आठवडे चालते आणि त्वचेवर काढलेल्या शाईच्या खुणा धुवायच्या नसतात. तासगावहून मुंबईला येऊन-जाऊन हे जमत नाही. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा आणि शस्त्रक्रियेआधीच मंजुरी घ्या. केमो आधी देणार असतील तर गाठीच्या जागी क्लिप (खुणेसाठी धातूचा बारीक तुकडा) बसवणार का, हेही विचारा, कारण केमोने गाठ विरघळली की नेमकी जागा सापडत नाही.

कवठेकर: मी तेच म्हणतो, मोठ्या ठिकाणी क्लिप आधीच बसवतात.

द्राक्षवेल: सर्वांचे मनापासून आभार. निर्णय सासूबाईंनी स्वतः घेतला. स्तन काढायचा नाही आणि पाठीलाही हात लावू द्यायचा नाही, कारण वेली तारेवर बांधायचे काम त्यांना याच हातांनी करायचे आहे. आकारात थोडा फरक राहिला तरी चालेल, असे त्यांनी सर्जनना माझ्यासमोर सांगितले. क्लिप बसवून आधी केमो, मग शस्त्रक्रिया आणि रेडिएशनच्या दिवसांत मिरजेला भाचीकडे मुक्काम, असे ठरले आहे. योजनेची कागदपत्रे सोमवारी देत आहोत. द्राक्षबागेची यंदाची खरड छाटणी दीर पाहतील.