नोकरी सांभाळून ग्राफिक डिझाइन शिकताना: तुमचे अनुभव लिहा

नाशिकला सातपूर एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहे, शिफ्ट ड्युटी. रात्री कोर्सेरा या ऑनलाइन शिकण्याच्या संकेतस्थळावर कॅलआर्ट्स या अमेरिकी कला महाविद्यालयाचा ग्राफिक डिझाइनचा अभ्यासक्रम करते. पुढेमागे याच क्षेत्रात यायचंय. व्हिडिओ समजतात, असाइनमेंट वेळेत जातात. पण केलेलं काम चांगलं आहे की नाही, हे सांगायला जवळपास कोणी नाही. ज्यांनी नोकरी करता करता हे शिकून क्षेत्र बदललं, किंवा बदलायच्या वाटेवर आहेत, त्यांनी लिहा. कोर्सची यादी नकोय. काम कोणाला दाखवलंत आणि नोकरी कधी सोडलीत, ते सांगा.

*

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम केलं. हात वेगवान होता, पण लेआउट दुसऱ्याचा असायचा. ऑनलाइन शिकल्यावर ग्रिड (पान आखायच्या उभ्या-आडव्या रेषा) आणि मोकळी जागा या गोष्टी नीट कळल्या. अडचण एकच, सगळी टायपोग्राफी, म्हणजे अक्षरांची मांडणी, रोमन अक्षरांवर शिकवतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या हिशेबानं ओळींमधलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. नवीन मुलं फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकतात आणि रफार भलतीकडे, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर, अर्धी अक्षरं पायमोडकी. फाँट बिघडलाय असं वाटतं. तसं नसतं. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा, इनडिझाइनला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा.

सरावासाठी 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फाँट घ्या, गूगल फाँट्सवर फुकट आहेत. एकच मजकूर दोन्हींत लावा, प्रिंट काढा, भिंतीला चिकटवा आणि चार पावलं मागे जाऊन वाचा. मी माझी कामं ओळखीच्या मुद्रितशोधकांना दाखवायचो. त्यांना डिझाइनची भाषा येत नाही, पण डोळा कुठे अडतो ते अचूक सांगतात.

*

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं डी-सोर्स हे संकेतस्थळ बघा. फुकट आहे आणि उदाहरणं आपल्याकडची आहेत.

*

कोल्हापूर. शाळेत शिकवते, मुलगा लहान आहे, त्यामुळे अभ्यास तो झोपल्यावरच. मला खरं शिकवलं ते गल्लीतल्या छापखान्यातल्या काकांनी. बारशाची पत्रिका घेऊन गेले होते, स्क्रीनवर गडद निळी. काकांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "ताई, हा निळा कागदावर जांभळा येणार. मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, कमी करा." मग समोर दोन्ही प्रिंट काढून दाखवले. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेरचा जादा रंग) का सोडायचा, तेही कटिंग मशीनपाशी उभं राहून कळलं. आरजीबी (स्क्रीनवरचे रंग) आणि सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) यांचा धडा मी आधी पाहिलेला होता, पण तिथे कागद नव्हता. आता शनिवारी शाळा सुटली की तिथेच जाते. ते कामं देतात, पैसेही देतात. शाळा सोडायचं अजून ठरवलेलं नाही आणि त्याची मला घाई नाही.

*

मी नोकरी सोडली. ठाण्यात कॉल सेंटरला टीम लीडर होतो. आधी घराच्या हप्त्यांपुरते पैसे बाजूला काढले, कारण पहिला पगार आधीपेक्षा बराच कमी असणार हे माहीत होतं, आणि तसाच होता. पोर्टफोलिओत, म्हणजे मुलाखतीत दाखवायच्या संग्रहात, मोजकीच कामं ठेवली. काल्पनिक कॉफी ब्रँडचे लोगो सगळ्यांकडे असतात, ते काढून टाकले. त्याऐवजी सोसायटीच्या गणेशोत्सवाचं पूर्ण काम ठेवलं: पावतीपुस्तक, कमान, कार्यक्रमपत्रिका. मुलाखतीत त्यांनी सगळ्यात जास्त वेळ माझी पेन्सिलची कच्ची रेखाटनं पाहिली आणि कमानीवरची अक्षरं दोनदा का बदलली ते विचारलं. मंडळाच्या अध्यक्षांना लांबून वाचता येत नव्हती, हे खरं उत्तर माझ्याकडे होतं. म्हणून सांगतो, ज्याला कोणीतरी नाही म्हणू शकेल असं एक तरी काम करा.

*

नाशिकच्या ताई, आम्ही काही जण रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर एकमेकांची कामं बघतो. नियम एवढाच, "छान आहे" म्हणायचं नाही, काय खटकलं ते सांगायचं. तुमची शिफ्ट कळवा, वेळ पुढेमागे करू. पहिल्या खेपेला अर्धवट असलेलंच काम आणा.