मदत हवी आहे : गावातील जुन्या-नव्या छायाचित्रांच्या फाइलींना नावे कशी द्यावीत?

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका गावात मी सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल म्हणून काम करते. घरोघरची जुनी छायाचित्रे मागून आणायची, स्कॅन करून मूळ प्रत ज्याची त्याला परत द्यायची आणि संगणकावर गावाचा एक संग्रह उभा करायचा, असे काम आम्ही काही मंडळींनी हाती घेतले आहे. लोकांनी मोठ्या विश्वासाने ट्रंकेतून, भिंतीवरच्या चौकटीतून फोटो काढून दिले. संग्रह आता सहा हजार फाइलींच्या पुढे गेला असून त्यात हवा तो फोटो सापडणे अवघड झाले आहे. नावे नव्याने द्यायची हे ठरले आहे. पण एवढ्या फाइलींची नावे एकदा बदलल्यावर ती दुसऱ्यांदा बदलण्याइतके मनुष्यबळ आमच्यापाशी नाही, म्हणून हात घालण्याआधी जाणकारांना विचारत आहे.

फाइली तीन वाटांनी आल्या आहेत. स्कॅनरने दिलेल्या नावांत ‘स्कॅन’ आणि एक क्रमांक यापलीकडे काही नाही, आणि फाइलीच्या आत जी तारीख आहे ती स्कॅन केल्याच्या दिवसाची आहे, फोटो काढल्याची नव्हे. कॅमेऱ्याच्या फाइलींना ‘डीएससी’ किंवा ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे असे नाव असते. ९९९९ झाले की कॅमेरा पुन्हा ०००१ पासून सुरुवात करतो, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांच्या दोन फोटोंना अगदी एकच नाव पडते आणि ते एका फोल्डरमध्ये आणताना संगणक ‘जुनी फाइल काढून ही ठेवू का’ असे विचारतो. घाईत ‘हो’ म्हटले की जुना फोटो गेला. तिसरी वाट व्हॉट्सॲपची. तिथून आलेल्या फाइलीच्या नावात तारीख दिसते खरी, पण ती फोटो त्या फोनवर पोहोचल्याची असते. कॅमेऱ्याने फाइलीच्या आत लिहिलेली दिवस-वेळेची नोंद पाठवताना निघून जाते आणि चित्राचा आकारही कमी होतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा गावातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी आपापल्या वावरात उभे राहून फोडलेल्या बोंडांचे फोटो काढले होते. ते फोटो आज आमच्याकडे आहेत, पण ज्यांच्यावर काढल्याचा दिवस शिल्लक आहे असे फारच थोडे. उरलेल्यांची नावे तो फोटो पुढे कोणी कधी पाठवला एवढेच सांगतात.

अडचण नेमकी कुठे येते हे कळावे म्हणून एका फोटोविषयी सविस्तर सांगते. फोटो कृष्णधवल असून पोस्टकार्डाएवढा आहे. तोरणाखाली बैलजोडी उभी आहे, कपाळांवर मठाट्या बांधल्या आहेत, कासरा धरणाऱ्याचे तोंड सावलीत गेले आहे, आणि मागे रुळांवर शकुंतलेचे, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीचे, वाफेचे इंजिन स्पष्ट दिसते. पाठीवर शाईने ‘पोळा, थोरल्याची जोडी’ इतकेच लिहिलेले असून खाली यवतमाळच्या एका स्टुडिओचा शिक्का आहे. शकुंतलेला वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत होते, तेव्हा फोटो त्यापूर्वीचा, एवढे खात्रीने म्हणता येते. पोळा श्रावण अमावास्येला असतो. पण साल कळल्याशिवाय ती अमावास्या ऑगस्टात आली होती की सप्टेंबरात, हेही सांगता येत नाही. म्हणजे हा फोटो कशाचा आहे आणि कोणत्या घरातला आहे हे पक्के ठाऊक असूनही त्याच्या नावात साल, महिना, दिवस यांपैकी काहीच लिहिता येत नाही. आमच्या संग्रहात असे फोटो शेकड्यांनी आहेत. ‘सोयाबीन नवीन आले तेव्हाचा’, ‘धाकटीच्या लग्नाआधीचा’ अशा खुणांनीच लोक काळ सांगतात, आणि त्या खुणा माझ्या मते जपून ठेवण्याजोग्या आहेत.

माझे प्रश्न आता मांडते. तारीख ठाऊक नसलेल्या फोटोचे नाव कसे ठेवावे, जेणेकरून पुढे तारीख कळली तरी सगळी मांडणी विस्कटणार नाही? फाइलीचे नाव मराठीत ठेवण्यात काही तांत्रिक धोका आहे का? गावातल्या मुलींनीही संगणकावर बसून शोधावे अशी माझी इच्छा आहे, त्यामुळे मला मराठी नावे मनापासून हवी आहेत. फोल्डर जिल्हा आणि तालुक्यानुसार करावेत का? आमच्याकडे कारंज्याच्या पाहुण्यांनी दिलेले पुष्कळ फोटो आहेत. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत कारंजा अकोला जिल्ह्यात होते, तर १९९० चा फोटो कोणत्या फोल्डरात जावा? आणि एकाच फोटोत पोळाही आहे, शकुंतलाही आहे आणि एका घराण्याची माणसेही आहेत, तर त्याच्या तीन प्रती तीन फोल्डरांत ठेवणे योग्य ठरेल का?

संगणक साधा, विंडोज १० चा आहे. भारनियमनामुळे वीज केव्हाही जाते आणि इन्व्हर्टर फार वेळ टिकत नाही, हे लक्षात घेऊन उपाय सुचवावा, ही विनंती.

प्रतिसाद (अमरावतीहून)

ताई, मी अल्बम जुळवणीचे काम करतो, त्यामुळे रोज हजारो फाइली हाताखालून जातात. आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वाचनालयात आहे असे मला वाटते. पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुढे त्याचे कपाट बदलले, विषय बदलला, बांधणी नवी झाली, तरी दाखल क्रमांक तोच राहतो. स्कॅन केलेल्या फोटोलाही असाच दाखल क्रमांक द्यावा आणि नावात तोच मुख्य ठेवावा. जी माहिती उद्या बदलू शकते, म्हणजे अंदाजे साल, जिल्हा किंवा माणसांची नावे, ती नावात घालूच नये. क्रमांक पाच आकडी ठेवून पुढे शून्ये भरावीत, म्हणजे ४१२ ऐवजी ००४१२. विंडोज आकड्यांची किंमत पाहून क्रम लावते, पण इतर पुष्कळ ठिकाणी नावे अक्षरश: लावली जातात आणि तिथे १००० हा क्रमांक ४१२ च्या आधी येतो. फोटोची पाठही स्कॅन करावी आणि दोन्ही बाजूंना एकच क्रमांक देऊन शेवटी पुढच्या बाजूस अ, मागच्या बाजूस ब लावावे. आपल्या पोळ्याच्या फोटोत अर्धी माहिती पाठीवरच आहे.

कॅमेऱ्याच्या आणि फोनच्या मूळ फाइलींचे मात्र वेगळे आहे. त्यांच्या आत काढल्याची दिवस-वेळ असते, तेव्हा त्यांचे नाव त्या नोंदीवरूनच घ्यावे : आधी साल, मग महिना, मग दिवस, मग वेळ. आपण नेहमी लिहितो तसा दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या १ तारखा एकत्र जमतील. तारखेत तिरकी रेघ चालत नाही, कारण विंडोज ते चिन्ह फाइलीच्या नावात घेतच नाही. आडवी रेघ वापरावी. ‘तयार केल्याची तारीख’ म्हणून जो रकाना दिसतो त्यावर विसंबू नये. पेनड्राइव्हवरून फाइल उतरवली की तिथे उतरवल्याचा दिवस येतो. ‘घेतल्याची तारीख’ हा रकाना पाहावा. एक्सिफटूल किंवा डिजिकॅम हे दोन्ही कार्यक्रम मोफत आहेत आणि त्या नोंदीवरून शेकडो फाइलींची नावे एकदम बदलून देतात. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असेल, बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की तसे होते, तर आधी त्या गटाच्या वेळा तितक्याच फरकाने पुढे-मागे सरकवाव्यात आणि मगच नावे द्यावीत.

विजेविषयी. फाइली एका डिस्कवरून दुसरीकडे ‘कट’ करून हलवू नयेत. प्रत करावी, दोन्हीकडची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे, काही फाइली उघडून बघाव्यात आणि मगच जुनी जागा मोकळी करावी. नावे बदलण्याचे सगळे काम प्रतीवरच व्हावे. मूळ फाइली जशा आल्या तशा एका वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि ती डिस्क शक्यतो वाचनालयाच्या इमारतीत ठेवू नये.

प्रतिसाद (नागपूरहून)

मराठी नावांविषयी माझे मत सांगतो. विंडोजला देवनागरी नावे व्यवस्थित चालतात, धोका पुढच्या प्रवासात आहे. युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याचे मानक. त्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, तीन बाइट घेते. लिनक्सवर फाइलीच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. विंडोजवर फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या आत ठेवावा लागतो, म्हणून फोल्डरात फोल्डर अशी उतरंड करू नये. जुन्या कार्यक्रमांनी केलेल्या झिप फाइलीत देवनागरी नावांचा चुराडा होतो. कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेले शीर्षक फाइलीला चिकटवले तर तिथे निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, कारण ते युनिकोड नव्हेच. आकड्यांचेही पाहावे : ४१२ देवनागरीत लिहिले आणि कोणी इंग्रजी आकड्यांनी शोधले तर सापडेलच असे नाही. म्हणून नावात रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे असावेत, आणि मराठी फाइलीच्या आत असावी.

आत म्हणजे शीर्षक आणि टॅग (शोधण्यासाठी फाइलीला जोडलेले खुणेचे शब्द) या जागी. जेपेग आणि टिफ फाइलीत तिथे हवे तितके मराठी लिहिता येते आणि फाइल कुठेही नेली तरी ते सोबत जाते. विंडोज एक्सप्लोररमधून पीएनजी फाइलीत टॅग लिहिता येत नाहीत, तेव्हा स्कॅन टिफमध्ये करावेत. लहान फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. डिजिकॅम वापरल्यास माहिती फाइलीतच लिहिण्याचा पर्याय सुरू आहे ना, हे सेटिंगमध्ये तपासून घ्यावे, नाहीतर टॅग त्या कार्यक्रमाच्या कोशातच राहतात. गूगलचे पिकासा हे फोटो मांडण्याचे सॉफ्टवेअर २०१६ मध्ये बंद झाले तेव्हा ज्यांची मांडणी केवळ त्याच्या अल्बमांवर उभी होती त्यांना ती नव्याने करावी लागली.

यातच आपल्या तीन प्रतींच्या प्रश्नाचे उत्तर आहे. फोटो एकदाच ठेवावा आणि त्याला पोळा, शकुंतला, त्या घराण्याचे आडनाव असे तिन्ही टॅग द्यावेत. फोल्डर विषयाचे किंवा जिल्ह्याचे करूच नयेत. ज्या घरातून फोटो आले त्या घराचे करावेत, कारण ती गोष्ट कधी बदलत नाही. टॅगांची यादी मात्र आधी ठरवून भिंतीवर लावावी. एकाने ‘बंडी’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘बैलगाडी’, तर शोधणाऱ्याला अर्धेच फोटो मिळतील.

धागाकर्ती

दोन्ही भाऊंचे मनापासून आभार. दाखल क्रमांकाची सूचना वाचताच पटली, आणि घरानुसार फोल्डर केल्यास फोटो देणाऱ्या कुटुंबाची परवानगी कुठवर आहे हेही एका जागी राहील. केवळ आकड्यांचे नाव पाहून मुली बिचकतील अशी मला शंका आहे, म्हणून क्रमांकानंतर रोमनमध्ये एकच शब्द ठेवण्याचा विचार आहे, आणि तोही ज्यावर वाद होणार नाही असाच : पोळा, लग्न, शाळा, वावर.

नोंदवही एक्सेलमध्ये करते आहे. त्यात दाखल क्रमांक, फाइलीचे जुने नाव, कोणाकडून मिळाले, तारीख, आणि तारखेचा आधार असा वेगळा रकाना ठेवला आहे. पोळ्याच्या फोटोसमोर तिथे ‘वाफेचे इंजिन, १९९४ पूर्वी’ असे येईल. कारंज्याच्या फोटोंसाठी ‘तेव्हाचा जिल्हा’ आणि ‘आताचा जिल्हा’ असे दोन रकाने केले आहेत. माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहीत आहोत. बायकांच्या बाबतीत लोक ‘अमक्याची सून’ एवढेच सांगून थांबतात, तिथे तिचे स्वतःचे नाव विचारून घेतल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असे धरायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे; सासरचे आणि माहेरचे, दोन्ही आडनावे लिहितो, कारण माहेरकडच्या कोणी शोधले तरी ती सापडायला हवी.

एक प्रश्न उरतो. व्हॉट्सॲपवरून आलेले बोंडअळीचे फोटो दाखल करावेत, की ज्यांनी काढले त्यांच्याकडे जुना फोन किंवा मेमरी कार्ड आहे का हे आधी विचारावे?

प्रतिसाद (अमरावतीहून)

आधी विचारावे, ताई. बऱ्याच घरांत जुना फोन कपाटात पडून असतो आणि चार्ज केला तर सुरूही होतो. मूळ फोटो मिळाल्यास तो केबलने उतरवून घ्यावा. तेही शक्य नसेल तर व्हॉट्सॲपवरच, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, म्हणजे फाइल आतल्या नोंदीसकट जशीच्या तशी येते. जिथे मूळ मिळणारच नाही तिथे आलेली प्रतच दाखल करावी आणि तारखेच्या आधारापुढे ‘व्हॉट्सॲपवर मिळाल्याचा दिवस’ असे स्पष्ट लिहावे. त्या फाइलींना नाव देताना तारीख पुढे न घेता स्कॅनप्रमाणे दाखल क्रमांकच द्यावा.